चार रंगांची शाळा
(शालेय हाऊस-पद्धतीच्या इतिहासाची प्रस्तावना)

शाळेचा इतिहास लिहायला बसलेली मंडळी बहुतेक वेळा एकाच वाटेने जातात. आधी कोनशिला, मग संस्थापकांचे फोटो, मुख्याध्यापकांची कालानुक्रमे यादी, शालान्त परीक्षेचे निकाल आणि शेवटी नव्या मजल्यासाठी देणगी देणाऱ्यांची नावे. हे सगळे हवेच. पण अशा सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मुले शोधायला जावे तर ती निकालाच्या तक्त्यात सापडतात, नाहीतर स्नेहसंमेलनाच्या फोटोत तिसऱ्या रांगेत. पाचवीत नव्याने आलेल्या मुलाला दहावीतले कोण ओळखत होते, कबड्डीच्या संघात कोणाशेजारी कोण उभे राहिले, हरल्यावर कोणी कोणाची समजूत काढली, यातले काहीच तिथे नसते. हाऊसचा इतिहास नेमका याच ठिकाणी हात घालतो. म्हणूनच लाल, निळे, हिरवे, पिवळे हा विषय वरवर किरकोळ वाटला तरी त्यावर स्वतंत्रपणे लिहिले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

शाळा मुलांची वाटणी दोन तऱ्हांनी करते. पहिली वाटणी इयत्तेची आणि तुकडीची. इयत्ता वयाने ठरते. तुकडी कित्येक शाळांत वर्षानुवर्षे गुणांनी ठरत आली. ‘अ’ तुकडीत कोण आणि ‘ड’ तुकडीत कोण, हे मुलांना, पालकांना आणि गल्लीलाही माहीत असे. ही आडवी वाटणी. दुसरी वाटणी हाऊसची, आणि ती उभी. पाचवीपासून दहावीपर्यंतची, सगळ्या तुकड्यांतली, हुशार आणि मागे पडलेली, मुलगे आणि मुली अशी सगळी मुले एका नावाखाली आणणारी. शाळेच्या रोजच्या व्यवहारात ‘अ’ तुकडीतला दहावीचा विद्यार्थी आणि ‘क’ तुकडीतला सहावीचा विद्यार्थी एकमेकांचे लागतात ते फक्त हाऊसमुळे. या पद्धतीचे खरे मोल मला इथे दिसते. चषक आणि संचलन हा तिचा दर्शनी भाग आहे. कोण कोणाबरोबर उभे राहणार हा तिचा गाभा आहे, आणि पुढच्या सगळ्या इतिहासाकडे मी याच प्रश्नाच्या खिडकीतून पाहतो.

आजच्या मुलांना हाऊस म्हटले की हॅरी पॉटरची जादूची शाळा आठवते. तिथल्या चार हाऊसांचे मूळ इंग्लंडच्या निवासी शाळांत आहे. ईटन, हॅरो, रग्बी अशा शाळांत हाऊस म्हणजे शब्दशः घर होते. मुले तिथे झोपत, जेवत, आजारी पडत. हाऊसमास्तर आणि त्याचे कुटुंब त्याच छपराखाली राहत असे. रग्बी शाळेचे मुख्याध्यापक टॉमस अर्नोल्ड यांनी १८२८ ते १८४१ या काळात वरच्या वर्गातल्या मुलांवर शिस्तीची जबाबदारी सोपवून या व्यवस्थेला नैतिक शिक्षणाचे रूप दिले. टॉमस ह्यूज यांच्या १८५७ सालच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीने ते रूप जगभर नेले. त्याची काळी बाजूही त्याच कादंबरीत आहे: मोठ्यांनी धाकट्यांना नोकरासारखे राबवणे, छळणे, मारणे. हाऊस-पद्धतीचे गुणगान करणाऱ्याने हे विसरता कामा नये. मोठ्या मुलाच्या हाती धाकटा सोपवला की सांभाळही होतो आणि छळही होतो. फरक पडतो तो लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकामुळे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वळण त्यानंतरचे आहे. ब्रिस्टलचे क्लिफ्टन कॉलेज १८६२ साली सुरू झाले. तिथे वसतिगृहात राहणाऱ्या मुलांबरोबर शहरातून रोज येणारी मुलेही होती. या येऊन-जाऊन शिकणाऱ्यांसाठी ‘नॉर्थ टाउन’ आणि ‘साउथ टाउन’ अशी हाऊसे झाली. ती शहरातल्या मुलांची होती. त्यांत कोणी झोपायला राहत नव्हते. घर नसलेले घर ही कल्पना तिथे रुजली. १९०२ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये सरकारी मदतीच्या माध्यमिक शाळा वाढल्या आणि त्यांनी ती उचलली. चार भिंतींऐवजी चार रंग. मुंबईच्या कॅथीड्रल शाळेची बारहॅम, पामर, सॅव्हेज आणि विल्सन ही हाऊसे याच घराण्यातली, आणि आपल्या उपनगरांतल्या लाल-निळ्या पट्ट्याही त्याच घराण्यातल्या.

हिंदुस्थानात मात्र ही पद्धत आधी राजवाड्यात आली. अजमेरच्या मेयो कॉलेजात, १८७५ पासून, संस्थानिकांनी आपापल्या राजपुत्रांसाठी स्वतंत्र हाऊसे बांधली. जयपूरचे वेगळे, जोधपूरचे वेगळे. म्हणजे मुलगा शाळेत आला तरी आपल्याच संस्थानात राहिला. १९३५ साली डेहराडूनला डून स्कूल निघाले, तेव्हा ईटनहून आलेले मुख्याध्यापक आर्थर फूट यांच्या काळात टाटा, काश्मीर, हैदराबाद, जयपूर ही हाऊसे उभी राहिली. नावे पुन्हा धनिकांची आणि संस्थानांची; पण मुले सरमिसळ. ही सरमिसळ माझ्या लेखी नावांपेक्षा कितीतरी मोठी घटना आहे.

मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण ग्वाल्हेरचे. शिंदे सरकारांनी १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी काढलेली शाळा १९०८ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गेली आणि पुढे सिंदिया स्कूल म्हणून नावाजली. तिच्या हाऊसांची नावे वाचली तर उत्तर हिंदुस्थानातल्या मराठेशाहीची वंशावळच समोर उभी राहते: राणोजी, जयाप्पा, महादजी, दौलत, जयाजी, माधव, जिवाजी, आणि त्यांच्या जोडीला शिवाजी. चंबळच्या पलीकडच्या, मराठी न बोलणाऱ्या मुलांनी जयाप्पाच्या नावाने आरोळ्या द्याव्यात, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. नाव एकदा हाऊसला मिळाले की ते पुस्तकातल्या धड्यातून उठून मैदानात येते.

पण ‘मुलांनी एका छपराखाली कोणाबरोबर राहावे’ हा प्रश्न महाराष्ट्राने हाऊस हे नाव न घेताही सोडवायचा प्रयत्न केला आहे, आणि तो इतिहास इंग्लंडच्या इतिहासाहून मला अधिक मोलाचा वाटतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. शिक्षणापासून दूर ठेवलेल्या मुलांना शहरात राहायला जागाच मिळत नव्हती, तेव्हा जातवार का होईना पण छप्पर मिळणे हीच क्रांती होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्यापुढचे पाऊल टाकले. १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली, एकत्र राबली. छत्रपती शाहू बोर्डिंग या नावाने ते पुढे ओळखले गेले. कोल्हापूर ते सातारा या अंतरात वाटणीचे तत्त्वच बदलले. कोण कोणाबरोबर, या प्रश्नाला साताऱ्याने दिलेले उत्तर हेच माझ्या मते चांगल्या हाऊसचे उत्तर आहे.

त्याच सुमारास, १९२४ ते १९३० या काळात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवत होते आणि छात्रालयही सांभाळत होते. मुलांसाठी ते हाताने लिहिलेले ‘छात्रालय’ दैनिक काढत. हाऊसमास्तर कसा असावा याचे वर्णन इंग्रजी ग्रंथांत शोधण्याची आपल्याला गरज पडू नये, इतके ते उदाहरण भरभक्कम आहे.

मोठ्या मुलाने धाकट्याला सांभाळून घेण्याची रीत तर आपल्याकडे त्याहून जुनी. पंतोजींच्या शाळेत वरचा मुलगा खालच्याला धूळपाटीवर अक्षरे गिरवायला लावी. मद्रासला अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेत मुले अशी वाळूत अक्षरे काढताना पाहिली, आपल्या शाळेत मुलांकडून मुलांना शिकवण्याचा प्रयोग केला आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तिका छापली. ती पद्धत पुढे इंग्लंडभर पसरली. तेव्हा हाऊस-पद्धत ही निव्वळ साहेबांची देणगी, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रवासही ध्यानात घ्यावा.

स्वातंत्र्यानंतर हा विषय मूठभर श्रीमंत शाळांपुरता राहिला नाही, त्याला एक सरकारी दस्तऐवज कारण आहे. मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली माध्यमिक शिक्षण आयोग नेमला गेला आणि १९५३ मध्ये त्याचा अहवाल आला. शिस्तीसंबंधीच्या शिफारशींत आयोगाने स्पष्ट म्हटले की हाऊस-पद्धत, तिच्यातले प्रीफेक्ट किंवा मॉनिटर आणि विद्यार्थी परिषदा यांच्या रूपाने स्वयंशासन सर्व शाळांत आणावे, आणि वर्तनाचे नियम मुलांनीच ठरवून ते पाळले जातात की नाही हेही मुलांनीच पाहावे. ‘सर्व शाळांत’ हे दोन शब्द महत्त्वाचे. छडीच्या जागी मुलांचे स्वतःचे राज्य आणण्याची ती सूचना होती. पुढे प्रत्यक्षात काय झाले? शाळांनी रंग घेतले, कप्तान घेतले, संचलन घेतले. नियम मुलांनी करायचे हा भाग मात्र बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. मराठी माध्यमाच्या अनेक शाळांनी त्यासाठी शालेय मंत्रिमंडळाची वेगळी वाट काढली. मतदान, मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री. ती वाटही चांगलीच आहे. मात्र मंत्रिमंडळात दहा-बारा मुले असतात, हाऊसमध्ये सगळी असतात.

यानंतर नावांचा काळ येतो. १९६१ साली सुरू झालेल्या साताऱ्याच्या सैनिक स्कूलने, देशातल्या पहिल्या सैनिक स्कूलने, हाऊसांना गडांची नावे दिली. १९६३ पासून बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी केंद्रीय विद्यालये निघाली. त्यांच्यात शिवाजी, टागोर, अशोक, रमण ही चौकडी देशभर रूढ झाली. नवोदय विद्यालयांत अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी असे डोंगर आले. खासगी शाळांनी कुठे टिळक-गांधी-नेहरू-सुभाष घेतले, कुठे नद्या, कुठे ऋषी. आणि ज्यांना वाद नको होता त्यांनी सरळ रंग ठेवले. एखाद्या शाळेने हाऊसचे नाव कधी आणि का बदलले, हे शोधले तर त्या गावाचा त्या दशकातला स्वभाव कळतो.

आता डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधल्या ठाकुर्लीकडे येतो, कारण हा सगळा फेरा मला तिथे आणून सोडायचा होता.

१८५४ साली रेल्वे ठाण्याहून कल्याणपर्यंत आली आणि खाडीकाठच्या या पट्ट्याचे भवितव्य लोखंडी रुळांशी बांधले गेले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस घाटातल्या पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले, तेव्हा त्याला वीज पुरवणारे रेल्वेचे वीज केंद्र ठाकुर्लीला, चोळे गावाजवळ, उभे राहिले. चोळा पॉवर हाऊस या नावानेच ते लोकांच्या तोंडी बसले. १९३० साली धावू लागलेल्या ‘डेक्कन क्वीन’ला पुण्यापर्यंत विजेवर नेण्यामागे या केंद्राचा हात होता. केंद्राभोवती वसाहत आली. एकीकडे बारा बंगल्याचा परिसर, दुसरीकडे बावन चाळ, मधे चोळे आणि ठाकुर्ली गावांतली आगरी कुटुंबे. १९६०–७० नंतर गिरगाव-दादरच्या खोल्या सोडून आलेला मराठी मध्यमवर्ग डोंबिवलीत भरला आणि त्याच्या इमारती ठाकुर्लीपर्यंत सरकत आल्या. १९८० च्या दशकात वीज केंद्र बंद पडले, १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली, आणि गाव बघता बघता दोन मोठ्या स्थानकांमधले उपनगर होऊन गेले.

अशा गावातल्या माध्यमिक शाळेत वर्ग भरतो तेव्हा एका बाकावर काय काय येऊन बसते याचा विचार करा. अधिकाऱ्याची मुलगी, गँगमनचा मुलगा, भातशेती विकून बसलेल्या कुटुंबातले पोर, सात-सतराच्या लोकलने फोर्टला जाणाऱ्या कारकुनाची लेक. त्यात रेल्वेची बदली. भुसावळहून, इगतपुरीहून, सोलापूरहून वर्षाच्या मध्येच दाखला घेऊन येणारे मूल. त्याला तुकडीत जागा मिळते ती जिथे बाक रिकामा असेल तिथे. मैत्री जुळायला दिवाळी जाते. पण हाऊसची पट्टी त्याला पहिल्याच आठवड्यात मिळू शकते, आणि तिच्याबरोबर शाळेतली पंचवीस टक्के मुले ‘आपली’ होतात. बदलीच्या नोकरदारांच्या केंद्रीय विद्यालयांनी देशभर तीच चार नावे ठेवली, त्याचा अर्थ मला इथे लागतो: जबलपूरला शिवाजी हाऊसमध्ये असलेले मूल दुसऱ्या गावी गेले तरी शिवाजी हाऊसचे नाव तिथे असतेच.

म्हणून हाऊसच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पान वाटपाचे. मुले कोणी, कशी वाटली? हजेरीपटातल्या क्रमाने एक-दोन-तीन-चार मोजून? चिठ्ठ्या टाकून? भावंडांना एकाच हाऊसात ठेवून? की पी.टी.च्या सरांनी उंची आणि धाव बघून? पहिल्या दोन रीतींत बंगला आणि चाळ आपोआप मिसळतात. भावंडे एकत्र ठेवण्याच्या रीतीने घराण्याची परंपरा तयार होते. थोरली बहीण निळ्या हाऊसची म्हणून धाकटाही निळा, पुढे त्याची मुलेही निळीच. निवडून वाटण्याची रीत मला नापसंत आहे. तिने एक हाऊस बलाढ्य होते आणि दुसऱ्यातली मुले डिसेंबरच्या क्रीडा महोत्सवाच्या आधीच मनाने हरलेली असतात. या एका निर्णयावर पद्धत तरते किंवा बुडते.

क्रीडा महोत्सवाविषयी फार लिहीत नाही. ज्याने तो अनुभवला त्याला सांगायला नको. चुन्याने आखलेल्या रेघा, लेझीम, खो-खो, लंगडी, रिले आणि शेवटी रस्सीखेच. उपनगरातल्या शाळांना स्वतःचे मैदान क्वचितच असते, तेव्हा कुणाचे तरी मैदान मागून हे सगळे एका-दोन दिवसांत उरकावे लागते. पण एवढ्यावर हाऊस थांबले तर न धावणाऱ्या मुलांचे काय? ज्या शाळांनी वक्तृत्व, हस्ताक्षर, भित्तिपत्रक, परिपाठ, वर्गाची स्वच्छता, वृक्षारोपण यांनाही हाऊसचे गुण दिले, तिथे तोतरे बोलणारे पण सुंदर अक्षराचे मूलही एका संध्याकाळी हाऊसचा तारणहार झाले. गुणांची ही वाटणी जितकी रुंद, तितकी पद्धत न्याय्य.

अडचणीही स्वच्छ सांगितल्या पाहिजेत. शाळा दोन सत्रांत भरते तेव्हा सकाळचे हाऊस आणि दुपारचे हाऊस अशी चिरफाड होते. पाचवी आणि दहावी समोरासमोर येतच नाहीत, आणि मग हाऊसचा मूळ हेतूच संपतो. हाऊसची जबाबदारी असलेल्या शिक्षकाला निवडणुकीची आणि जनगणनेची कामेही असतात. दहावीच्या वर्षी पालक मुलाला हाऊसच्या कामातून काढून घेतात आणि नेमके त्या वर्षी धाकट्यांना त्याची गरज असते. कप्तान अनेकदा ‘अ’ तुकडीतूनच निवडला जातो. हा दोष मला सर्वांत जास्त सलतो, कारण त्याने आडवी वाटणी पुन्हा उभ्या वाटणीच्या डोक्यावर बसते. कप्तान मुलांनी मताने निवडावा, आणि एक मुलगा व एक मुलगी अशी बरोबरीची जोडी असावी. मुलगी कायमची उपकप्तान, ही जुनी सवय आता मोडावी.

हा इतिहास लिहायला साधने कोणती? जनरल रजिस्टरमध्ये हाऊसची नोंद बहुधा नसते. ती असते शिक्षकांच्या वह्यांत, आणि शिक्षक निवृत्त झाले की वह्याही जातात. स्मरणिकांत विजेत्यांचे फोटो असतात. प्रमाणपत्रांवर हाऊस आणि साल असते. सर्वांत भरवशाच्या असतात फिरत्या ढाली, कारण त्यांवर वर्षामागून वर्ष एकेका हाऊसचे नाव कोरलेले असते. एखादे साल कोरे असेल तर त्या वर्षी काय घडले ते विचारावे. १९७५ चे रिकामे साल आणि २०२० चे रिकामे साल यांची कारणे वेगळी निघतील. आणि माणसे असतात. पन्नाशीचे माजी विद्यार्थी आपले दहावीचे टक्के चटकन सांगतात, पण हाऊस विचारा, मग बघा ते किती वेळ बोलतात. ते बोलणे टिपून ठेवले पाहिजे, कारण लिखित नोंदी जिंकलेल्यांच्याच असतात आणि चौथ्या आलेल्या हाऊसची हकीकत फक्त आठवणीत असते.

तेव्हा वाचकांना एक विनंती. ठाकुर्ली-डोंबिवली-कल्याण पट्ट्यातल्या कोणत्याही शाळेत तुम्ही शिकला असाल, तर कपाटातले जुने फोटो काढा आणि मागच्या बाजूला साल, हाऊस आणि ओळखू येतील तेवढी नावे पेन्सिलीने लिहा. प्रमाणपत्रांच्या प्रती शाळेच्या ग्रंथालयात द्या. तुमच्या वेळी हाऊसचे वाटप कसे झाले ते एका कागदावर लिहून त्याबरोबर जोडा. आणि मुख्याध्यापकांना, संस्थाचालकांना एवढेच सांगणे की नवी इमारत बांधताना जुन्या ढाली भंगारात देण्याआधी त्यांवरची सगळी नावे आणि साले उतरवून घ्या.